मधुमेह, रात्री ठणकणारा कान आणि औषधांना न जुमानणारा जंतू

सई_कर्वेनगर
नमस्कार. मी एरवी इथे पाककृतींच्या धाग्यांवर असते. आज आईच्या कानाबद्दल लिहितेय. लांबण लागेल, पण जे गाळावंसं वाटतंय तेच कुणाच्या तरी कामाचं असेल, म्हणून सगळं लिहिते.

आई ६८ वर्षांची. मधुमेह १७ वर्षं. नरक चतुर्दशीला अभ्यंगाच्या वेळी दरवर्षीप्रमाणे कानात दोन थेंब तेल घातलं. दुसऱ्या दिवशी उजव्या कानाला दडा बसला. आठवडाभर वाट बघितली आणि जवळच्या दवाखान्यात गेलो. तिथे पिचकारीने पाणी मारून मळ काढला. दडा सुटला, आईला लख्ख ऐकू यायला लागलं. चौथ्या दिवसापासून कान ठणकायला लागला.

थेंब दिले, पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. गोळ्या चालू असेपर्यंत दुखणं निम्म्यावर यायचं, संपल्या की परत मूळपदावर. मग दुसरा कोर्स. तिसऱ्या वेळी डॉक्टरांकडे जायचा कंटाळा केला आणि जुनी रिकामी पट्टी दाखवून मीच दुकानातून त्याच गोळ्या आणल्या. हे लिहिताना हात थरथरतोय, पण मीच आणल्या.

सकाळी तिच्या उशीच्या अभ्र्यावर हिरवट-पिवळा डाग असायचा. रात्री दोनच्या सुमारास आई कानावर तळहात दाबून पलंगावर उठून बसलेली दिसायची. दिवसा विचारलं की "आता बरंय गं." ताप एकदाही नव्हता, त्यामुळे आम्ही निर्धास्त.

संक्रांतीला तिला गूळपोळी चावता येईना. जबडा दुखतोय म्हणाली. दाताच्या डॉक्टरांकडे नेलं. एक किडकी दाढ होतीच, ती काढली. दुखणं तसूभरही हललं नाही. आणि रथसप्तमीच्या आदल्या दिवशी चहा पिताना तिच्या ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून चहा पदरावर ओघळला. तिला कळलंच नाही. मी म्हटलं, "आई, हस बघू." तोंड डावीकडे ओढलं गेलं. उजवा डोळा मिटेना.

अर्धांगाचा झटका समजून धावतपळत मोठ्या रुग्णालयात नेलं. मेंदूच्या एमआरआयमध्ये झटका नव्हता. तिथल्या रात्रपाळीच्या एका तरुण डॉक्टर मुलीने फक्त एवढं विचारलं, "शुगर किती वर्षं आहे? आणि हा कान कधीपासून वाहतोय?" तोपर्यंत जवळपास तीन महिन्यांत हे दोन प्रश्न आम्हाला कुणी एकत्र विचारले नव्हते.

निदान: नेक्रोटायझिंग ओटायटिस एक्स्टर्ना, म्हणजे कानाच्या नळीतून हाडापर्यंत उतरलेला संसर्ग. फाईलवर जुनं नावही लिहिलंय, मॅलिग्नंट ओटायटिस. कानातल्या पुवाचं कल्चर (त्यातला जंतू वाढवून बघायची तपासणी) आलं: स्यूडोमोनास एरुजिनोसा. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन, जेंटामायसिन, सेफ्टाझिडीम या चारही औषधांपुढे 'आर', म्हणजे रेझिस्टंट, औषध चालत नाही. मेरोपेनेमपुढे 'एस', म्हणजे चालतं. कोलिस्टिनपुढे 'आय', म्हणजे मधलंच काहीतरी, आणि तो 'आय' बघून तर माझा जीव घाबरा झालाय. निदान सहा आठवडे शिरेतून इंजेक्शन, आठ-आठ तासांनी, असं सांगितलंय.

कुणाच्या घरी हे झालंय का? सहा आठवडे घरून कसं निभावलंत? तोंड सरळ होतं का? आणि आई फाईलवरचा तो 'मॅलिग्नंट' शब्द वाचून मला रोज विचारते, "खरं सांग, कॅन्सर आहे का?"

---

नांदेडसिटीकर
सई, वाचून पोटात कालवलं. मला माहिती काही नाही. पण रात्री रुग्णालयात थांबायला माणूस हवा असेल तर निरोप टाका, मी सिंहगड रोडवरच राहतो.

---

कानाचा_डॉक्टर_तळेगाव
सईताई, पहिल्यांदा आईंना सांगा: हा कॅन्सर नाही. १९५९ साली मेल्टझर आणि केलेमन यांनी अशा रुग्णाची नोंद केली आणि १९६८ मध्ये चँडलर यांनी १३ रुग्णांचा अभ्यास मांडताना याला 'मॅलिग्नंट' म्हटलं. कारण तेव्हा त्यांतले जवळपास निम्मे रुग्ण दगावले होते. वागणूक कॅन्सरसारखी, म्हणून नाव तसं. आता आम्ही ते नाव टाळतो, पण फायलींवरून ते जात नाही. मात्र कानातला एक छोटा तुकडा बायप्सीला पाठवला असेल तर घाबरू नका. कानाच्या नळीचा खरा कर्करोगही दिसायला असाच असू शकतो, त्यामुळे खात्री करून घेतात. ते योग्यच आहे.

आता हे होतं कसं, तेवढं सांगतो. कानाची नळी साधारण अडीच सेंटीमीटर. बाहेरचा भाग कूर्चेचा, आतला हाडाचा. कूर्चेच्या भागात जन्मजात बारीक फटी असतात, त्यांना सँटोरिनीच्या फटी म्हणतात. धडधाकट माणसात जंतू कातडीवरच अडतो. दीर्घकाळच्या मधुमेहात बारीक रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असतात, पांढऱ्या पेशी सुस्तावलेल्या असतात आणि कानातल्या मळाची आम्लताही कमी झालेली असते. ती आम्लता म्हणजे कानाचा पहारेकरी. त्यात पाण्याच्या पिचकारीने कातडी ओली झाली, कुठे ओरखडा गेला, की जंतू फटींतून खाली उतरून कवटीच्या तळाच्या हाडाला लागतो. वयस्क मधुमेहींमध्ये कान पाण्याने धुतल्यानंतर हा आजार सुरू झाल्याची उदाहरणं वैद्यकीय वाङ्मयात भरपूर आहेत. म्हणून अशा रुग्णांचा मळ आम्ही सूक्ष्मदर्शकाखाली बघत, कोरडा, सक्शनने काढतो.

चेहऱ्याची नस कानाच्या बरोबर खालच्या एका छिद्रातून बाहेर येते. हाडातली सूज तिथवर पोचली की तोंड वाकडं होतं. आणखी आत सरकली तर गिळताना ठसका लागणं, आवाज घोगरा होणं, खांदा न उचलणं सुरू होतं. यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा, पुढच्या तारखेची वाट बघू नका.

ताप नव्हता म्हणून तुम्ही निर्धास्त राहिलात, यात तुमची चूक नाही. या आजारात ताप बहुतेक नसतोच. पांढऱ्या पेशींचा आकडाही पुष्कळदा नॉर्मल येतो. ईएसआर (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) मात्र उंच असतो. साध्या कानाच्या सुजेत पाळी ओढली की दुखतं आणि थेंबांनी चार-पाच दिवसांत उतरतं. इथे दुखणं खोल असतं, रात्री वाढतं, जबड्यात आणि कानशिलात पसरतं, आणि कानात बघितलं तर हाड-कूर्चेच्या सांध्यावर लालभडक मांसाचा कोंब दिसतो. तो कोंब बघितला आणि समोरचा माणूस मधुमेही असला की आमची झोप उडते.

तोंडाबद्दल खोटी आशा दाखवत नाही. काहींचं पूर्ण सुधारतं, काहींचं थोडं राहतं, आणि त्याला महिने लागतात. आजार हटतोय की नाही हे चेहऱ्यावरून ठरवू नका. रात्रीची दुखणी आणि ईएसआर बघा. सध्या उजव्या डोळ्याला जपा. दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री मलम आणि वरून टेप लावून पापणी बंद. बुबुळ कोरडं पडून जखम झाली तर ते वेगळंच दुखणं होऊन बसेल.

---

पेट्रीडिश
मी २२ वर्षं सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅबमध्ये काम करते. सई, तुमच्या त्या 'आय'बद्दल आधी. कोलिस्टिनपुढे 'एस' असं आता सहसा लिहितच नाहीत. लॅबसाठी निकष ठरवणाऱ्या सीएलएसआय या अमेरिकी संस्थेने २०२० पासून कोलिस्टिनचा 'एस' हा रकानाच काढून टाकला. उरले फक्त 'आय' आणि 'आर'. म्हणजे तुमच्या रिपोर्टात जे आलंय ते त्या औषधाचं मिळू शकणारं सगळ्यात चांगलं उत्तर आहे. आमच्या खिडकीशी येऊन यासाठी रडलेले नातेवाईक मी पाहिलेत. रिपोर्टवर एक ओळ समजावून लिहायला हवी, असं मी दर मीटिंगला म्हणते.

हा जंतू मी रोज बघते. प्लेटचं झाकण उघडलं की द्राक्षांसारखा गोडसर वास येतो आणि सगळं माध्यम हिरवंनिळं झालेलं असतं. एरुजिनोसा हे नाव तांब्यावरच्या हिरव्या गंजावरून आलंय. कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक राहिलं की जसा हिरवट कळक चढतो ना, तोच रंग. तुमच्या आईच्या अभ्र्यावरचा डाग हाच.

त्याचं घर म्हणजे ओल. बेसिनची जाळी, नळाचं तोंड, सोसायटीची टाकी, मोरीतली बादली. बादलीच्या आतल्या बाजूला हात फिरवला की जो बुळबुळीत थर लागतो, तसा थर हे जंतू कानाच्या आत आणि हाडावरही धरतात. त्या थराखाली बसलेल्यापर्यंत औषध पोचत नाही. शिवाय याच्या अंगात पंप असतात, आत शिरलेलं औषध तो बाहेर उपसून टाकतो. औषध आत येण्याची दारं बंद करतो. औषधाचे तुकडे करणारी विकरं बनवतो. एकाच जंतूत हे सगळं एकवटलं की रिपोर्टवर 'आर'ची रांग लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये धोकादायक जंतूंची यादी केली, तेव्हा मेरोपेनेमच्या घराण्याला न जुमानणारा स्यूडोमोनास सर्वांत वरच्या गटात होता. २०२४ च्या यादीत तो त्याखालच्या गटात आलाय, तरी यादीतून गेलेला नाही.

माझी कळकळीची विनंती सगळ्यांनाच आहे. कल्चरचा नमुना औषध सुरू करण्याआधी द्या. कान बाहेरून पुसून घेतलेल्या कापसावर कातडीवरचे नेहमीचे जंतूच उगवतात. कानाच्या डॉक्टरांनी आतून, कोंबाजवळून घेतलेला नमुना हवा. आणि फॉर्मवर 'कोणती अँटिबायोटिक, किती दिवस' हे खरं लिहा. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्याअधिक फॉर्मवर तो रकाना कोरा असतो. मग प्लेटवर काही उगवत नाही आणि घरचे म्हणतात, "कल्चर तर निगेटिव्ह आलं, म्हणजे इन्फेक्शन नाहीये."

---

सई_कर्वेनगर
पेट्रीडिश, तुमचा पहिला परिच्छेद मी आईला मोठ्याने वाचून दाखवला. डॉक्टर, तुमचाही. आज तीन महिन्यांत पहिल्यांदा तिने स्वतःहून भात मागून घेतला.

---

आजीचा_बटवा
सहानुभूती आहेच. पण एक विचारते. आमच्या घरी पिढ्यानपिढ्या कानात लसूण कढवलेलं तेल घालतात, कधी कुणाला काही झालं नाही. आयुर्वेदात कर्णपूरण सांगितलंय. दोन थेंब तेलाने एवढं झालं असं कसं म्हणता येईल?

---

कानाचा_डॉक्टर_तळेगाव
बटवाताई, तेलाने हाडाला जंतू लागला असं मी म्हणत नाही. तेलाने मळ फुगला आणि दडा बसला, तो काढायला पाणी मारलं, ओल राहिली, आणि कान मधुमेही माणसाचा होता. अशी ती साखळी आहे. माझे एक वैद्य स्नेही आहेत, ते कर्णपूरणाआधी कानात बघतात. वाहणाऱ्या, ठणकणाऱ्या किंवा पडद्याला भोक असलेल्या कानात ते तेल घालत नाहीत. घरात आपण न बघता घालतो. फरक तिथे आहे. निरोगी, कोरड्या कानाला तेलाची गरजच पडत नाही. जबडा हलतो तसा मळ आपोआप बाहेर येतो.

---

सिंहगडपायथा
माझ्या बाबांना झालं होतं, त्यामुळे निभावण्याबद्दल लिहितो.

आम्ही पीआयसीसी लाईन घातली. दंडातून घालायची, लांब पातळ नळी असते. आठ-आठ तासांनी दर वेळी नवी सुई टोचत बसलात तर दहा दिवसांत हाताच्या शिरा संपतात. आंघोळीला त्यावर स्वयंपाकघरातला पारदर्शक प्लास्टिकचा कागद गुंडाळून टेप लावायचो. नळीच्या तोंडाला हात लावण्याआधी दर वेळी हात धुवायचे, घाई असली तरीही. ड्रेसिंग आठवड्याला नर्सकडून बदलून घ्यायचं. नळीच्या जागी लाली आली किंवा थंडी वाजून ताप आला तर लगेच रुग्णालय.

वेळा आम्ही सकाळी ६, दुपारी २, रात्री १० अशा लावल्या. सकाळी आणि रात्री घरी नर्स, दुपारी जवळच्या नर्सिंग होममध्ये. औषधाच्या कुप्यांवरच्या छापील किमतीवर जाऊ नका. त्याच औषधाची जेनेरिक कुपी पुष्कळ खाली मिळते. डॉक्टरांना विचारूनच घ्या, पण विचारायला लाजू नका. सहा आठवडे म्हणजे १२६ कुप्या होतात, हा हिशेब मी दाराच्या मागे खडूने लिहून ठेवला होता आणि रोज तीन रेघा खोडायचो.

आठवड्याला क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), ईएसआर, सीआरपी (हीही सुजेचीच तपासणी). शुगरची वही. आमची खरी लढाई शुगरशी होती. जंतू असेपर्यंत शुगर खाली येत नाही आणि शुगर खाली आल्याशिवाय जंतू हटत नाही. गोळ्या बंद करून इन्सुलिन सुरू केलं तेव्हा गाडी रुळावर आली. इन्सुलिन म्हणजे शेवटची पायरी असं बाबांच्या डोक्यात होतं, त्यात आमचे बारा दिवस वाया गेले.

आणि एक. चौथ्या आठवड्यात दुखणं परत वाढलं. आमच्या डॉक्टरांनी औषध वाढवण्याऐवजी पुन्हा नमुना घेतला. तर बुरशी निघाली, अस्परजिलस. मग औषधच वेगळं. नुसत्या अंदाजाने अँटिबायोटिक वाढवत राहिलो असतो तर बाबा आज नसते.

---

पेट्रीडिश
सिंहगडपायथा यांच्या शेवटच्या परिच्छेदाला पूर्ण अनुमोदन. उपचार चालू असतानाही हा जंतू बदलतो. पहिल्या रिपोर्टातला 'एस' सहाव्या आठवड्यात 'एस'च राहील याची हमी नाही. आणि हाडाच्या आजारात जंतू नेहमी स्यूडोमोनासच असतो असंही नाही. एमआरएसए नावाचा, नेहमीच्या औषधांना न जुमानणारा स्टॅफ जंतू असतो, बुरशी असते. प्रत्येकाचं औषध निराळं.

---

औषधवाले_काका
मी पेठेत ३१ वर्षं औषधाचं दुकान चालवतो. सईताईंचा 'मीच आणल्या' हा भाग वाचल्यावर गप्प बसणं जमेना.

२०१४ च्या मार्चपासून एच-वन नावाचं परिशिष्ट लागू झालं. त्यातल्या औषधांची वेगळी वही ठेवायची, डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, किती दिलं, आणि ती वही तीन वर्षं जपायची. २०१६ मध्ये सरकारने लाल रेघेची मोहीम काढली. पट्टीवर उभी लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. सिप्रो, म्हणजे सिप्रोफ्लॉक्सॅसिन, एच-वनच्या वहीत येत नाही, पण चिठ्ठी त्यालाही लागतेच.

आणि तरी आम्ही देतो. समोर ओळखीचा माणूस उभा असतो, कळवळलेला असतो, रविवार असतो, "काका, मागच्या वेळी यानेच बरं वाटलं होतं, चारच द्या" म्हणतो. नाही म्हटलं तर तो चार पावलांवरच्या दुकानातून घेतो. मी वर्षानुवर्षं चार-चार गोळ्या कात्रीने कापून दिल्या आहेत. जुलाबाला, लघवीच्या जळजळीला, दाढेला, कानाला. त्यातल्या किती जणांच्या कानात काय वाढत होतं ते मला कळायला मार्ग नव्हता, आणि मी विचारलंही नाही.

गेल्या चार वर्षांपासून बंद केलंय. गल्ल्यावर पाटी लावली आहे. काही गिऱ्हाईकं तुटली, ती तुटली. आता कुणी कानाचे थेंब मागितले तर मी एकच विचारतो: शुगर आहे का? असेल तर थेंब देत नाही, कानाच्या डॉक्टरांकडे पाठवतो.

---

कानाचा_डॉक्टर_तळेगाव
काका, तुमचा प्रतिसाद आमच्या विद्यार्थ्यांना वाचायला देणार आहे.

काकांनी सिप्रोचा विषय काढला म्हणून सांगतो, कारण खरी जखम तिथेच आहे. १९८० च्या दशकाच्या शेवटी सिप्रो आलं आणि या आजाराचं चित्र पालटलं. त्याआधी आठवडेच्या आठवडे रुग्णालयात शिरेतून औषधं चालायची. सिप्रो पोटातून घेतलं तरी हाडापर्यंत पोचतं. सहा-आठ आठवडे गोळ्या घ्या, घरी राहा, बरे व्हा. स्यूडोमोनासवर तोंडाने घेऊन चालणारं औषधांचं घराणं हे एवढंच. दुसरं नाही. एवढी मोलाची गोळी, आणि आपण ती जुलाबाला वाटली. आज मी संशयित रुग्णाला सिप्रो लिहिताना कल्चर येईपर्यंत देवाचं नाव घेतो. सईताईंच्या आईंना हीच गोळी लागू पडली असती तर त्या घरी बसून बऱ्या झाल्या असत्या. दंडात नळी आणि १२६ कुप्या लागल्या नसत्या.

२०२३ मध्ये आयसीएमआरच्या पाहणीत देशात १०.१ कोटी मधुमेही असल्याचा अंदाज आला. एवढे कान आपल्याला सांभाळायचेत.

---

पिंपरीकर
माझे वडील पिंपरीच्या एचए कंपनीत होते, हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये. १९५४ साली सरकारने हा कारखाना काढला, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने, पेनिसिलिन देशात बनावं म्हणून. वडील आंबवण्याच्या विभागात होते. घरी आले की कपड्यांना एक कुबट वास यायचा, आई ते कपडे वेगळे भिजवायची. ते सांगायचे, त्यांच्या लहानपणी गावात पायाला खिळा लागून, बाळंतपणात, नुसत्या गळवाने माणसं जायची. पेनिसिलिनची कुपी हातात घेताना ते ती कापसात ठेवल्यासारखी धरायचे.

फ्लेमिंगनी १९४५ च्या नोबेल भाषणातच सांगितलं होतं की लोक हे औषध अपुऱ्या मात्रेत घेतील आणि जंतूंना ते पचवायला शिकवतील. वडिलांना हे पाठ होतं. आम्ही मुलांनी तिसऱ्या दिवशी गोळी विसरली की ते जेवणाच्या ताटावरून उठवायचे.

सईताई, आईंना लवकर आराम पडो.

---

आजीचा_बटवा
मी वर जे लिहिलं त्याबद्दल डॉक्टरांनी शांतपणे उत्तर दिलं, धन्यवाद. माझ्या सासूबाईंना मधुमेह आहे आणि त्यांच्या कानात मी दर शनिवारी तेल घालते. या शनिवारपासून बंद. त्यांचा एक कान अधूनमधून खाजतो, त्या केसांचा आकडा घालून खाजवतात. त्यांना आधी दाखवून आणते.

---

सई_कर्वेनगर
दुसरा आठवडा संपला. पीआयसीसी घातली. मेरोपेनेम चालू आहे, वेळा सिंहगडपायथा यांच्यासारख्याच लावल्या. एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी) ११.२ होतं, इन्सुलिन सुरू केलं. ईएसआर ९८ वरून ७४. बायप्सीत कॅन्सर नाही. डॉक्टर दर तीन दिवसांनी कान कोरडा साफ करतात. मोठ्या शस्त्रक्रियेची गरज नाही म्हणाले. सीटीत हाड थोडं खाल्लेलं दिसतंय. आधी सीटी साफ आला असता तरी फसलो असतो, कारण हाडातलं कॅल्शियम बरंच गेल्याशिवाय त्यात काही दिसत नाही, असं त्यांनी समजावलं.

डोळ्याला टेप लावायला मी रोज रात्री बसते. पहिले दोन दिवस पापणी मिटवताना माझंच बोट थरथरायचं. आता जमतं.

---

सई_कर्वेनगर
पाचवा आठवडा. मध्ये लिहिलं नाही कारण चौथ्या आठवड्यात क्रिएटिनिन वाढलं आणि मात्रा कमी करावी लागली, दोन रात्री खूप ताणात गेल्या. आता उतरलंय. ईएसआर ३६. परवा रात्री मी सवयीने दोन वाजता उठून बघायला गेले, तर आई डाव्या कुशीवर गाढ झोपलेली. कितीतरी वेळ दारातच उभी राहिले.

तोंड अजून वाकडंच आहे, पण कपाळाला उजवीकडे एक बारीक आठी पडायला लागली आहे. फिजिओथेरपिस्ट आरशासमोर बसवून 'प, फ, ब' म्हणायला लावतात. गुढीपाडव्याला श्रीखंड नाही मिळालं म्हणून रुसली होती. रुसली याचाच आनंद झाला.

---

सई_कर्वेनगर
सहाऐवजी आठ आठवडे झाले. काल नळी काढली. ईएसआर १८. डॉक्टर म्हणाले की आजार उलटू शकतो, म्हणून वर्षभर नेमाने दाखवायचं, आणि कान दुखला तर त्याच दिवशी. डोकं धुताना कानात व्हॅसलिन लावलेला कापसाचा बोळा. पिचकारी, तेल, काडी, किल्ली, काही नाही.

ज्या दवाखान्यात पाणी मारलं तिथे जाऊन मी डॉक्टरांना सगळी फाईल दाखवली. भांडायला गेले नव्हते. त्यांनी पानन्‌पान वाचलं, कल्चरच्या रिपोर्टचा फोटो काढून घेतला आणि म्हणाले, इथून पुढे मधुमेही माणसाचा मळ ते स्वतः काढणार नाहीत.

---

ओंकार_हडपसर
हा धागा आत्ता रात्री सव्वाबाराला शोधताना सापडला. माझे वडील ७१, मधुमेह वीसेक वर्षं. डावा कान तीन आठवडे दुखतोय, रात्री जास्त. थेंब चालू आहेत, एक कोर्स झाला. कालपासून घास चावताना दुखतंय म्हणून उद्या दाताच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. ताप नाही. घरात सिप्रोच्या सहा गोळ्या उरलेल्या आहेत, आज रात्रीपुरती एक देऊ का?

---

सई_कर्वेनगर
ओंकार, देऊ नका. आत्ता वडिलांना हसायला सांगा, दोन्ही डोळे घट्ट मिटायला सांगा, घोटभर पाणी गिळायला सांगा. यातलं काही वाकडं वाटलं किंवा त्यांना ग्लानी असेल तर आत्ताच तातडीच्या विभागात न्या. तसं नसेल तर सकाळी उठल्या उठल्या कानाच्या डॉक्टरांकडे, दातांचं नंतर बघू. "मधुमेह आहे, रात्री दुखतं, जबडा दुखतो" हे तिन्ही एका वाक्यात सांगा. आतून कल्चर घ्यायला सांगा. कोणते थेंब, कोणत्या गोळ्या, किती दिवस, ते कागदावर लिहून न्या.

---

ओंकार_हडपसर
हसले नीट. डोळे मिटतायत. पाणी गिळलं. गोळ्यांची पट्टी बाजूला काढून ठेवली. कागद लिहायला घेतलाय, थेंबांची बाटली समोर आहे. सकाळी आठला निघतो.

---

कानाचा_डॉक्टर_तळेगाव
ओंकार, शुगर आत्ता तपासून त्याच कागदावर लिहा. आणि उद्या नमुना दिला की इथे कळवा.